थॉमस क्रॉमवेल, कापड कातरणारा

१५३८ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या प्रत्येक चर्चच्या पाद्र्याला एक हुकूम गेला. एक वही ठेवायची. आपल्या हद्दीतलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बाप्तिस्मा आणि प्रत्येक दफन, दिवस आणि साल घालून त्या वहीत लिहायचं. वहीसाठी गावानं स्वखर्चानं पेटी करून द्यायची. पेटीला दोन कुलपं, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. दर रविवारी कारभाऱ्यांच्या समक्ष पेटी उघडायची आणि आठवड्याच्या नोंदी घालायच्या. चुकलं तर तीन शिलिंग चार पेन्स दंड, आणि ती रक्कम चर्चच्या डागडुजीला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लंडनला लेकीच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. वाचता वाचता उठून उभी राहिले. मी ३१ वर्षं एका नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात काम केलंय. जुन्या नोंदवह्यांच्या लोखंडी कपाटाची एक किल्ली माझ्या पर्समध्ये असायची आणि दुसरी साहेबांच्या खणात. एकाच माणसाच्या हातात वही राहिली की त्या वहीचं काय होऊ शकतं, ते मला कुणी शिकवायला नको. आणि इथं ४८० वर्षांहूनही आधी कुणीतरी नेमका तोच विचार करून दोन कुलपांची पेटी सांगितली होती!

हुकूम काढणाऱ्याचं नाव थॉमस क्रॉमवेल. आठव्या हेन्री राजाचा सर्वांत मोठा मंत्री. हुकूम निघून दोन वर्षं व्हायच्या आत राजानं त्याचं मुंडकं उडवलं.

मी इथे आले ती लेकीच्या बाळंतपणासाठी. नातीच्या जन्माची नोंद करायला गेलो तेव्हा मीही हट्टानं बरोबर गेले. इथे ४२ दिवसांची मुदत असते, आपल्याकडे २१. तिथल्या बाईंनी एकेक माहिती सावकाश विचारली, लिहिलेलं सगळं आईबापांना परत वाचायला लावलं आणि मगच सह्या घेतल्या. ते परत वाचायला लावणं मला फार आवडलं. आमच्या खिडकीसमोर रांग असायची, तरी मी प्रत्येकाला म्हणायचे, ‘दादा, स्पेलिंग बघून घ्या, वडलांचं नाव बघून घ्या, नंतर दुरुस्तीसाठी हेलपाटे पडतील.’ घरी आल्यावर जावयांना विचारलं, तुमच्या या देशात ही पद्धत कधीपासूनची? ते म्हणाले, ‘आई, सरकारी नोंद १८३७ पासून, पण त्याआधी चर्चच्या वह्या होत्या, त्या १५३८ पासून.’ कुणी सुरू केल्या, हा माझा पुढचा प्रश्न. तिथून मी या माणसाच्या मागे लागले ती आजतागायत. बाळ झोपलं की वाचायला बसते.

हेन्रीच्या काळातल्या कागदपत्रांचे जाडजूड सारांशखंड आता घरबसल्या वाचता येतात. क्रॉमवेलला आलेली पत्रं त्यात ढिगानं आहेत: कुणाला नोकरी हवी, कुणाला मठाची जमीन, कुणाला नुसती भेट. ही पत्रं टिकली कारण त्याच्या अटकेबरोबर त्याचं दप्तरच राजाच्या माणसांनी ताब्यात घेतलं. त्यानं स्वतः लिहिलेल्या पत्रांच्या प्रती मात्र फारशा सापडत नाहीत. आवक आहे, जावक नाही. काही इतिहासकारांना वाटतं, दिवस फिरल्याची चाहूल लागताच घरातल्याच माणसांनी जावकच्या प्रती जाळल्या. मला हे पटतं. मालकाला वाचवायचं तर आधी त्याच्या हातचा कागद नाहीसा करायचा, हे कुठल्याही निष्ठावान कारकुनाला सुचलं असतं.

त्याच नोंदींच्या हुकमाबद्दल आलेलं एक पत्रही त्यात आहे. कॉर्नवॉल आणि डेव्हनचे लोक घाबरलेत, लग्न-बाप्तिस्मे-दफनं लिहून घेण्यामागे नवीन कर बसवायचा डाव आहे असं त्यांना वाटतंय, असं तिथल्या एका सरदारानं त्याला कळवलं होतं. आमच्याकडेही खेड्यातून आलेली म्हातारी माणसं मयताची वर्दी द्यायला कचरायची. रेशनकार्डावरचं नाव जाईल, जमिनीचं काहीतरी होईल, ही भीती. त्यांना बसवून समजवावं लागायचं.

क्रॉमवेल जन्मला लंडनजवळच्या पटनी गावात, १४८५ च्या सुमाराला. बाप वॉल्टर लोहारकाम करायचा, बिअर गाळून विकायचा, कापडाच्या धंद्यातही होता. पोरगा तरुणपणी घर सोडून इटलीत गेला, अँटवर्पच्या कापडबाजारात राहिला, परत येऊन वकिली करू लागला आणि कार्डिनल वूल्झीच्या पदरी लागला. वूल्झी म्हणजे त्या वेळी राजाखालोखाल सत्ता असलेला माणूस, तोही खाटकाच्या घरातून वर आलेला. १५२९ मध्ये वूल्झी पडला. राजाला पहिल्या राणीपासून सुटका हवी होती आणि ती पोपकडून मिळवून देणं वूल्झीला जमलं नव्हतं. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला ईशरच्या वाड्यात वूल्झीचा सेवक जॉर्ज कॅव्हेंडिश याला क्रॉमवेल खिडकीशी टेकून उभा दिसला. हातात प्रार्थनेचं पुस्तक, डोळ्यांतून पाणी. मी आता लंडनला राजदरबारी जातो, एक तर घडेन नाहीतर मोडेन, असं तो म्हणाला, हे कॅव्हेंडिशनं लिहून ठेवलंय. मालकाची पडझड त्यानं अगदी जवळून पाहिली होती. राजाच्या मर्जीतून उतरलेल्या माणसाचं काय होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि तरीही तो त्याच राजाच्या चाकरीत गेला.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगते, कारण ती सगळीकडे लिहिलेली आहेत. इंग्लंडचं चर्च पोपपासून तोडून राजाच्या हाती दिलं, ते कायदे त्यानं पार्लमेंटातून काढून घेतले. देशभरच्या चर्चच्या मिळकतींची मोजदाद करवली आणि मग मठ बंद केले, चार वर्षांत आठशेच्या आसपास. प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवायला लावलं. राजाचा सचिव, राजमुद्रेचा अधिकारी, बॅरन, गार्टर या मोठ्या सरदारी सन्मानाचा मानकरी, आणि शेवटी १८ एप्रिल १५४० रोजी अर्ल ऑफ एसेक्स. लोहाराचा पोरगा अर्ल झाला. त्यानंतर सात-आठ आठवड्यांत त्याला अटक झाली.

कारण म्हणून बहुतेक जण क्लीव्हजच्या ॲनचं नाव घेतात. १५३९ मध्ये फ्रान्सचा राजा आणि स्पेनवरही राज्य करणारा सम्राट पाचवा चार्ल्स यांची दिलजमाई झाली होती, दोघं मिळून इंग्लंडवर चालून येतील अशी धास्ती होती. सोबती हवे होते, म्हणून जर्मनीतल्या क्लीव्हजच्या घराण्यात क्रॉमवेलनं राजाची सोयरीक जुळवली. हान्स होल्बाइन या चित्रकाराला मुलीचं चित्र काढायला पाठवलं. १ जानेवारी १५४० ला रॉचेस्टरमध्ये राजा वेश पालटून तिला अचानक भेटायला गेला, तिनं त्याला ओळखलं नाही, आणि राजाचं मन तिथेच विटलं. तरी ६ जानेवारीला ग्रिनिचमध्ये लग्न लागलं, कारण मोडलं असतं तर तिचा भाऊ शत्रूला मिळाला असता. मग वसंतात फ्रान्स आणि सम्राट यांचं पुन्हा बिनसू लागलं, आणि ज्या भीतीपोटी हे लग्न केलं ती भीतीच उरली नाही. राहिली ती नकोशी बायको, आणि ती गळ्यात बांधणारा मंत्री.

पण एवढ्यानं माणूस मरत नाही. दरबारात ड्यूक ऑफ नॉरफक होता, जुन्या खानदानाचा, क्रॉमवेलचं नीच कूळ त्याला कायम सलत आलेलं. विंचेस्टरचा बिशप गार्डिनर होता, जुन्या कॅथलिक रीतीच्या बाजूचा. आणि नॉरफकची तरुण पुतणी कॅथरीन हॉवर्ड राजाच्या नजरेत भरली होती. क्रॉमवेल नव्या, प्रोटेस्टंट मताच्या धर्मोपदेशकांना पाठीशी घालतो, राजाच्या मर्जीपेक्षा पुढे जातो, हे राजाच्या कानात घालायला ही माणसं पुरेशी होती. माझं मत विचाराल तर लग्नानं त्याला दुबळं केलं आणि मारलं ते या कानांनी.

१० जून १५४०. वेस्टमिन्स्टरला मंत्र्यांची सभा, दुपारची वेळ. फ्रान्सचा राजदूत मारियाक यानं मायदेशी जे कळवलं त्यावरून तो प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. शिपायांचा नायक आत आला आणि म्हणाला, तुम्हाला कैद करण्याचा हुकूम आहे. क्रॉमवेलनं रागानं डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. माझ्या सेवेचं हेच फळ काय, असं त्यानं नॉरफकला आणि बाकीच्यांना विचारलं, मी देशद्रोही आहे का ते तुमच्या मनाला विचारून सांगा, म्हणाला. कुणी त्याला द्रोही म्हटलं, कुणी म्हणालं, तूच केलेल्या कठोर कायद्यांनी आता तुझा न्याय होऊ दे. नॉरफकनं पुढे होऊन त्याच्या गळ्यातलं सेंट जॉर्जचं पदक ओढून काढलं. दुसऱ्या एकानं, जो कालपर्यंत त्याचा स्नेही होता, पायावरचा गार्टरचा मानाचा पट्टा सोडवला. मग त्याला एका दारातून नदीवर नेलं, होडीत बसवलं आणि टॉवरला, म्हणजे कैदी ठेवायच्या लंडनच्या किल्ल्यात, पोहोचवलं. शहरात बातमी पसरली ती राजाचे धनुर्धारी त्याच्या घराच्या दारात दिसले तेव्हा. ७,००० पौंड रोकड निघाली, चांदीची भांडी साधारण तेवढ्याच किमतीची. रात्र पडायच्या आत सगळं राजाच्या खजिन्यात गेलं. ते परत मिळणार नाही याची ही खूण, असं मारियाक लिहितो.

आमच्या कार्यालयात एकदा एका मुख्याधिकाऱ्यांना दुपारी निलंबनाचा आदेश आला. पाच वाजता मी जिना उतरत होते तर शिपाई त्यांच्या दारावरची पाटी स्क्रू काढून उतरवत होता. सकाळी त्याच शिपायानं त्यांची बॅग गाडीतून आणली होती. त्या पाटीच्या जागी भिंतीवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन बरेच दिवस राहिला. क्रॉमवेलच्या गळ्यातलं पदक ओढल्याचं वाचताना मला तो चौकोन दिसत राहिला.

मारियाकच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत क्रूर वाटते. राजानं फर्मावलं की यापुढे कुणीही त्याला राजमुद्रेचा अधिकारी किंवा दुसऱ्या कुठल्या पदवीनं संबोधू नये. नुसतं थॉमस क्रॉमवेल, कापड कातरणारा, एवढंच म्हणावं. लोकरीच्या विणलेल्या कापडावरचे वर आलेले तंतू मोठ्या कात्रीनं कातरून ते गुळगुळीत करणारा कारागीर, त्याला उद्देशून हा शब्द. मी आयुष्यभर लोकांच्या नावापुढचा व्यवसायाचा रकाना भरला. शेतमजूर, हमाल, घरकाम, सेवानिवृत्त. तो रकाना मी कुणाचा अपमान करायला कधी वापरला नाही. राजानं वापरला.

खटला झालाच नाही. पार्लमेंटात एक विधेयक आणलं, त्यातच गुन्हे आणि त्यातच शिक्षा. माणसाला समोर उभं करायचं नाही, साक्षीदार तपासायचे नाहीत. ‘अत्यंत नीच आणि हलक्या दर्जाचा’ माणूस राजानं उचलून वर आणला, असं त्या विधेयकाच्या सुरुवातीलाच आहे. पाखंडी मतांची पुस्तकं पसरवली, पकडलेले पाखंडी सोडवले, राजाला न विचारता परवाने दिले. आणि ३१ मार्च १५३९ ला लंडनमधल्या सेंट पीटर द पुअर या चर्चच्या हद्दीत त्यानं खंजीर उपसून म्हटलं म्हणे की राजा जरी या नव्या शिकवणीपासून फिरला तरी मी फिरणार नाही, तलवार घेऊन त्याच्याविरुद्धही लढेन. वर्ष उलटून गेल्यावर कुणाला तरी हे आठवलं. २९ जूनला विधेयक मंजूर झालं. आमच्याकडे हजेरीवहीत तीन लेटमार्क लागले तर शिपायालासुद्धा आधी कारणे दाखवा नोटीस निघते. त्याचं म्हणणं लेखी घेतात, नस्तीला लावतात, मगच पुढची कारवाई. ते म्हणणं कुणी वाचो न वाचो, कागद तिथे असतो.

त्याच्या बाजूनं एकच माणूस बोलला, कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅनमर. अटकेनंतर दोन दिवसांनी त्यानं राजाला लिहिलं की मी त्याला मित्र मानत होतो. शहाणपण, मेहनत, निष्ठा आणि अनुभव यांत असा सेवक या राज्यातल्या कुठल्या राजाला मिळाला नाही, आणि त्याच्यावर विश्वास ठेवता येत नसेल तर महाराज यापुढे कुणावर विश्वास ठेवणार? एवढं लिहिलं, आणि मग विधेयकाला त्यानं विरोध नोंदवला नाही. त्याला मी दोष देऊ शकत नाही. तेवढं लिहायलाही त्या आठवड्यात छाती लागली असेल.

विधेयक मंजूर झालं तरी त्याला लगेच मारलं नाही. राजाला त्याची अजून गरज होती. क्लीव्हजच्या ॲनशी झालेलं लग्न रद्द करायचं होतं, आणि हे लग्न राजाला पहिल्यापासून मनातून नको होतं, पती-पत्नीचा संबंध आलाच नाही, याचा सर्वांत भक्कम साक्षीदार क्रॉमवेलच होता. म्हणून मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाकडून जबाब लिहून घेतला. ३० जूनचं ते पत्र मी तीनदा वाचलं. रॉचेस्टरहून परतल्यावर राजा काय म्हणाला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय म्हणाला, सगळं तो क्रमानं, तारखांसकट लिहितो. पक्क्या दफ्तरदाराची नोंद आहे ती. ज्या राजानं त्याला कोंडलं, त्याच राजाची सुटका करणारा कागद तो शेवटचा तयार करून देतोय. आणि मग शेवटाला अक्षर जणू कोसळतं. जड अंतःकरणानं आणि थरथरत्या हातानं, आपला अत्यंत दीन कैदी आणि गरीब गुलाम, थॉमस क्रॉमवेल. सहीखाली एक ओळ आहे: कृपाळू महाराज, मी दया मागतो, दया, दया.

९ जुलैला लग्न रद्द झालं. २८ जुलैला टॉवर हिलवर त्याचं मुंडकं उडवलं. त्या काळचा बखरकार एडवर्ड हॉल लिहितो की जल्लादानं ते काम फार ओबडधोबड केलं. त्याच दिवशी ओटलँड्सच्या वाड्यात राजानं कॅथरीन हॉवर्डशी लग्न केलं. दोन दिवसांनी त्याच शहरात रॉबर्ट बार्न्ससह नव्या मताचे तिघे जाळले आणि पोपच्या बाजूचे तिघे फासावर दिले. पुढच्या मार्चमध्ये मारियाकनं कळवलं की राजा आता मंत्र्यांवर चिडतो, क्षुल्लक सबबी सांगून तुम्ही माझ्या हातून सर्वांत निष्ठावान सेवक मारवलात असं म्हणतो. आठ महिन्यांत राजाला हे उमगलं. इतक्या मोठ्या राजवाड्यात त्या जून महिन्यात एकदा समोर बोलावून विचारायला कुणाची आडकाठी होती?

इथपर्यंत वाचून मी क्रॉमवेलसाठी रडले, हे खरं आहे. मग मी त्याच्या टिपणवह्यांच्या सारांशांकडे वळले. आज करायच्या कामांच्या याद्या तो ठेवायचा, मीही ठेवायचे. त्यात १५३९ च्या शरदातली एक नोंद आहे: रेडिंगच्या मठाधिपतीला खटला चालवण्यासाठी आणि देहदंडासाठी साथीदारांसह रेडिंगला पाठवायचं. लगेच तशीच ग्लास्टनबरीच्या मठाधिपतीची. खटला व्हायचाय आणि देहदंड आधीच यादीत आहे. त्या नोव्हेंबरात दोघांनाही फासावर दिलं. त्याच वर्षी मे महिन्यात काउंटेस ऑफ सॉल्झबरी या वयस्क बाईला असंच विधेयक आणून, तिचं म्हणणं न ऐकता दोषी ठरवलं होतं. पुरावा म्हणून तिच्या सामानात सापडलेला एक अंगरखा लॉर्डांच्या सभेत उंच धरून दाखवला होता, आणि तो दाखवणारा क्रॉमवेल होता. कारणे दाखवा नोटीस त्यानंही कुणाला दिली नव्हती. तो गेल्यावर दहा महिन्यांनी त्या बाईंचंही मुंडकं उडवलं.

थ्रॉगमॉर्टन स्ट्रीटवर त्याचा वाडा होता, ती जागा मी बाबागाडी घेऊन पाहून आले. वाडा पुढे कापडवाल्यांच्या संघानं, ड्रेपर्स कंपनीनं विकत घेतला आणि १६६६ च्या आगीत तो जळाला. आज तिथे त्यांचीच इमारत उभी आहे. लंडनचा वृत्तांत लिहिणारा जॉन स्टो याच्या बापाचं घर या वाड्याला लागून होतं. क्रॉमवेलला बाग वाढवायची होती. त्याच्या माणसांनी शेजाऱ्यांच्या कुंपणापासून २२ फूट आत जाऊन रेषा मारली, पाया खणला, भिंत घातली. स्टोच्या बापाची बागेतली खोली पायापासून सुटी करून, गोल ओंडक्यांवर घालून २२ फूट मागे ढकलली. आधी विचारलं नाही, नंतर उत्तर दिलं नाही. साहेबांचा हुकूम, एवढंच. कुणाची तक्रार करायची हिंमत झाली नाही, आणि उरलेल्या अर्ध्या बागेसाठी स्टोचा बाप भाडं पूर्वीइतकंच, ६ शिलिंग ८ पेन्स, भरत राहिला. अतिक्रमण म्हणजे काय ते नगरपालिकेत काम केलेल्याला सांगावं लागत नाही. पण हाच स्टो असंही लिहितो की याच दाराशी रोज दोन वेळा दोनशेच्या वर गोरगरिबांना भाकरी, मांस आणि पेय मिळायचं, आणि ते त्यानं स्वतः पाहिलंय. स्टोनं दोन्ही लिहिलं. बापाचं नुकसान झालं म्हणून जेवणाची पंगत वगळली नाही. अशा माणसाच्या हातात मी माझी किल्ली खुशाल दिली असती.

एक कागद राहिला. जुलै १५२९ मध्ये, वूल्झी पडायच्या थोडं आधी, क्रॉमवेलनं मृत्युपत्र केलं होतं. बायको एलिझाबेथ तोवर गेली होती. मुलगा ग्रेगरी, आणि दोन मुली, ॲन आणि धाकटी ग्रेस. ॲनला लग्नासाठी किंवा सज्ञान झाल्यावर १०० मार्क (त्या काळचं पैशाचं एक माप), असं लिहिलेलं. पुढे केव्हातरी दोन्ही मुलींची नावं त्यावर खोडलेली आहेत. आमच्याकडे नियम होता, चुकीची नोंद गिरबटायची नाही, एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे आणि बाजूला सही. इथेही खालचं अक्षर वाचता येतं. मुली केव्हा जन्मल्या, कोणत्या दिवशी गेल्या, कुठे पुरल्या, हे सांगणारी वही नाही, कारण वही सुरू व्हायला अजून नऊ वर्षं होती. त्या होत्या, हे आपल्याला कळतं ते या खोडलेल्या ओळींवरून. आणि त्याच्या स्वतःच्या जन्माची तारीखही कुठे नाही. ‘१४८५ च्या सुमारास’, बस्स.

जन्माची नोंद झाली पण नावाचा रकाना कोरा राहिला, अशी किती पानं मी पाहिली आहेत. बारशाआधीच बाळ गेलेलं असायचं. मग आठवड्याभरानं तेच आईबाप दुसऱ्या खिडकीला यायचे. नाव काय घालू विचारलं की बाप गप्प, आणि आई मागून हळूच एखादं नाव सांगायची, जे ठेवायचं ठरलं होतं. मी ते लिहायचे. १५२९ मध्ये पटनीच्या लोहाराच्या मुलाला अशी खिडकी मिळाली नव्हती. त्या दुःखातून त्यानं १५३८ चा हुकूम काढला असं मी म्हणणार नाही, तसा कागद नाही. राजाला आपल्या प्रजेचा हिशेब हवा होता, वारसाहक्काचे तंटे सोडवायचे होते, ही कारणं पुरेशी आहेत. पण मसुदा लिहिताना त्याच्या मनात काय आलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

२८ जुलैला मी टॉवर हिलला गेले. ट्रिनिटी स्क्वेअरच्या बागेत वधस्तंभाच्या जागी एक छोटी फरसबंद चौकट आहे, तिथे मारलेल्यांची आठवण ठेवलेली. लोक बाकांवर बसून सँडविच खात होते. नात गाडीत झोपली होती. मी पिशवीतून वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि मयताच्या नोंदीचे रकाने आखले, हाताला सवय आहे तसे. मृत्यूचा दिनांक २८ जुलै १५४०. ठिकाण टॉवर हिल, लंडन. वडिलांचे नाव वॉल्टर. वय, अंदाजे ५५. कारण, शिरच्छेद, सुनावणीविना. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. अर्ल लिहिलं नाही, कापड कातरणाराही लिहिलं नाही. ‘सचिव’ लिहिलं. खाली दोन ओळी सोडून ॲन आणि ग्रेस, दोन वेगळ्या नोंदी, आईचे नाव एलिझाबेथ, वडिलांचे नाव थॉमस, तारखांचे रकाने रिकामे. मग तिन्ही नोंदींसमोर वर्दी देणाराच्या रकान्यात माझी सही केली आणि नात चुळबुळायला लागली म्हणून वही मिटून तिला उचललं.